मान खाली

ओझरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
जयवंत बेंडकुळे द्राक्षांची ट्रॉली ढकलतो.
पहिली पाच पावलं अजून तशीच,
टाच न टेकवता.

त्र्यंबक रोडच्या उतारावर पहाटे
आम्ही गॅरेजमधली लोखंडी गाडी पळवायचो.
दूधवाले विचारायचे, बर्फ कुठंय रे?
बर्फ परदेशात होता.
तिथं मी पुढं, दोऱ्या धरून,
तो मागं, डोकं गुडघ्यात.
ब्रेकमननं वर बघायचं नसतं.
सोळा वळणं त्यानं फक्त बरगड्यांनी पाहिली.

मग बाटली अ.
मग, उसनवारी करून, बाटली ब.
चार वर्षं बंदी.
निकालातून माझंही नाव गेलं,
गाडी दोघांची होती ना.

कॉलेज रोडच्या दुकानातली पावडर, सांगत राहिला तो.
कुणाला पटलं नाही.
डबा मी पाहिला होता.
अर्धा मीच संपवला होता.
माझी बाटली कुणी मागितलीच नाही.

आज दारातून हाक मारली.
दोघांच्याही तोंडून वाफ.
"नाशकात एवढीच थंडी," म्हणाला, हसला,
आणि सवयीनं मान खाली घालून
ट्रॉलीला भिडला.

मी जे बोलायला गेलो होतो ते तसंच.
दार तेवढं नीट ओढून घेतलं,
गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.