तक्ता तिसरा

रुम्फीच्या इस्पितळात, जनरेटरच्या खोलीमागे
लुसुंगु म्कांदाविरे नळ्यांवर आकडे लिहायची.
एकशे सतरा: मुठीत आंब्याची कोय धरून बसलेला पोरगा,
सुई टोचली तेव्हा रडला नाही,
कोय बाजूला ठेव म्हटल्यावर रडला.

बर्फाच्या डब्यातून रक्त गेलं
विमानानं, थंडीच्या देशात.
पोच आली.
मग काहीच आलं नाही.

दोन पावसाळ्यांनी निबंध छापून आला.
सारांश फुकट, सात ओळींचा:
औषधाच्या मात्रेविषयी महत्त्वाचे निष्कर्ष.
निष्कर्ष कुलपाआड.
एकोणचाळीस डॉलर, चोवीस तासांपुरते;
म्हणजे तिच्या घरचं महिन्याचं मक्याचं पीठ
आणि वर साबण.

चिडली नाही. हसली नुसती:
दाणे आमचे, दळणारे हात आमचे,
पीठ बघायला तिकीट!

वॉर्डात जुनीच मात्रा चालू राहिली.
पूर्ण गोळी,
भिंतीवरच्या कागदात होती तशी.

पुढे चार वर्षांनी कुठल्याशा यादीत
देशाचं नाव चढलं, गरीब म्हणून
(गरिबी एवढी तरी कामाला आली),
आणि एका मंगळवारी पान सरळ उघडलं.
कुणी काही मागितलं नाही.
तिनं मागे वळून पाहिलं,
चुकून दुसऱ्या कुणासाठी तर नाही?

तक्ता तिसरा. बोट खाली सरकत गेलं.
एकशे सतरा. वजन अकरा किलो.
अर्धी गोळी पुरेशी.

उठली. भिंतीवरचा कागद तसाच ठेवून
पेनानं खोडलं, वर 'अर्धी' लिहिलं,
तारीख घातली.
मग वॉर्डाचं रजिस्टर खाली काढलं,
मधल्या चार वर्षांचं.
त्याला कधीच कुलूप नव्हतं.