शेरा

भांडुपला सोनापूरच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा.
स्टीलचे डबे करतो आम्ही, तीन खणी, चार खणी.
पत्र्याची कड अशी, की कापताना कळत नाही,
बोटांवरून काहीतरी गरम ओघळतं
तेव्हा कळतं.

भिंतीवर पांढरी पेटी, किल्ली माझ्या कमरेला.
पेटीखाली कागद: प्रथमोपचारक, सिंधू गणपत तांडेल.
वर माझा फोटो, चोरी करताना धरल्यासारखा.
ही बढती नाही. महिन्याला दीडशे रुपये जास्त
आणि दंडात तीन सुया, कावीळ बी न होण्याच्या.
तिसरी मी चुकवणार होते, नणंदेचं लग्न होतं.
विम्याच्या दवाखान्यातल्या फिलोमिना डाबरे सिस्टर
फोनवर म्हणाल्या,
लग्नाला दंड घरी ठेवून जाणार का?

त्यांनी शिकवलेलं पाठ आहे.
हळद नको, चुना नको, ऑइलची चिंधी तर नकोच.
दाबून धरा, हात वर करा.
पण त्याच्याही आधी हातमोजे.
रक्त मालकाचं असो की तुमच्या पोराचं,
लागण आहे असंच धरून चाला.
मी विचारलं, म्हणजे सगळ्यांवर संशय?
हो, सगळ्यांवर. म्हणजे मग कोणा एकावर नाही.
तेव्हा ते मला भिंतीवर रंगवतात तसलं वाक्य वाटलं.

मंगळवारी दुपारी दोन नंबरच्या प्रेसवर
जळबाचा तळवा उघडला.
जळबा किनवटकडचा. बोलतो कमी,
दर दहा तारखेला अर्धी सुट्टी घेतो, कुठे जातो सांगत नाही.
मूठ काखेत दाबून तो पत्र्यांच्या थप्पीपर्यंत मागे सरकला.
पोरं धावली, तर ओरडला, लांब व्हा.
मला म्हणाला, बाई, तुम्ही नको.
फडकं फेका इकडं, मी बांधतो.
रक्त कोपरावरून चपलेत उतरत होतं.
पोरं म्हणाली, घाबरलाय.
घाबरला होताच. पण स्वतःसाठी नाही,
हे मला दिसलं.

घामेजल्या हातावर हातमोजे चढत नाहीत.
उजवा अंगठीशी अडला.
त्या चार सेकंदांत मला दहा तारीख कळली,
किंवा वाटलं की कळली. विचारलं नाही.
दोन्ही निळे हात त्याच्यापुढे धरले,
म्हटलं, बघ. परवा टिळेकरला खिळा लागला
तेव्हाही हेच घातले होते. दे आता.
त्याने दिला, उसनं भांडं उशिरा परत करावं तसा.

दहा मिनिटं दाबून धरला.
गॉजखाली ठोका उडत होता,
भाताच्या झाकणासारखा.
रिक्षा आली, गेली.

मग फरशी. ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग,
घड्याळ लावून दहा मिनिटं.
पोरं म्हणाली, एवढं कशाला?
मी म्हटलं, टिळेकरच्या वेळीही केलं होतं.
खोटं बोलले. त्या दिवशी थेंबभर होतं,
मी नुसतं पुसलं होतं.

हातमोजे उलटे सोलले, रक्त आत गेलं, पिवळी पिशवी बांधली.
नळाखाली बोटं एकेक करून पाहिली.
अंगठ्यावर रविवारचा शिंगाळ्याचा काटा लागलेला,
त्यावर पट्टी होती, कोरडी होती.
तरी रात्री झोप उशिरा आली.

रजिस्टरात लिहिलं: डावा तळवा, दाब, पट्टी, दवाखाना.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
डायस सुपरवायझर म्हणाला, रिकामा ठेवू नको, इन्स्पेक्टर विचारतो.
पेन जरा वेळ तसंच राहिलं.
मग लिहिलं:
दोन नंबरच्या प्रेसला गार्ड नाही.

जळबाला पाच टाके पडले.
गार्ड अजून आलेला नाही.
हातमोजे आले, अख्खं खोकं,
माप मोठं.