रविवारची हजेरी

शनिवारी रात्री नऊनंतर
खामल्यातल्या माझ्या दुकानात
एअर विंगची पोट्टी येतात.
"काका, कानावर एक केस नको.
मागे चिमटीत धरता आला
तर सार्जंट घरी पाठवते."
मला सांगतात. मला!

मी मशीनचं पातं बदलतो,
कल्ले कानाच्या मध्यावर आणतो,
नवी बेरेट डोक्यावर पापडासारखी उभी राहते म्हणून
कोमट पाण्यात भिजवून, डोक्यावरच वाळवायची,
उजवीकडे ओढत, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर –
हेही सांगून टाकतो.
"तुमाले कसं मालूम, काका?"
मी त्याची मान खाली दाबतो.
"हलू नको. कापलं जाईल."

सत्त्याण्णव साली
माझ्या निळसर शर्टाला पेजेची खळ होती,
इस्त्री म्हणजे निखारे भरलेला लोटा.
बक्कल घासलं की त्यात माझंच नाक दिसायचं, मोठ्ठं.
परेड रविवारी, सहाला.
आणि रविवार म्हणजे न्हाव्याची सुगी,
अख्खा मोहल्ला दाढी वाढवून बाकड्यावर.
बाबा काही बोलायचे नाहीत,
दुसरी खुर्ची पुसून ठेवायचे.

दोन रविवार परेड, तिसरा खुर्चीपाशी.
वर्षअखेर सदुसष्ट टक्के.
पंचाहत्तर लागत होते.
थापलियाल सार्जंट वाईट माणूस नव्हता.
"अतकरे, जूता तेरा सबसे ज़्यादा चमकता है.
पर हाजिरी जूते की नहीं लगती."
सर्टिफिकेट नाही.
मायक्रोलाइटच्या यादीत नाव होतं,
त्यावर पेन्सिलची रेघ.

विमानं मात्र रोज येतात,
सोनेगावला उतरताना इतकी खाली
की शेल्फवरच्या बाटल्या एकमेकींना लागतात.
मी वस्तरा उचलून धरतो, आवाज जाईपर्यंत.
गिऱ्हाइकाला वाटतं, काळजी घेतो.

आता सेजल.
मावशीच्या लग्नात सगळ्यांच्या हातांवर मेंदी,
फोटोत हिचे दोन हात कोरे.
नखं कापलेली, कानात काही नाही.
पण केस कमरेपर्यंत, आणि ते ती कापू देत नाही.
अंबाडा कॉलरच्या वर हवा, जाळीत,
पिना काळ्याच, एक बट बाहेर नको.
तिची आई पहाटेच होस्टेलच्या मेसवर जाते.
राहिलो मी.

तेवीस वर्षं केस कापले,
बांधले कधीच नव्हते.
पहिल्या रविवारी 'दौड के चल' म्हणताच
अंबाडा पाठीवर आला.
"बाल किसने बनाए?"
"बाबांनी."
"क्या करते हैं?"
तिनं सांगितलं, आणि सगळी रांग हसली.
घरी येऊन तीही हसली, पण जरा उशिरानं.

मग आठवडाभर, गिऱ्हाईक नसताना
मी पोछ्याच्या सुतांचा अंबाडा घालत बसलो.
बुधे मास्तरांनी दारातून पाहिलं
आणि दाढी न करताच निघून गेले.

शटरवर आता पाटी आहे:
रविवारी दुकान साडेनऊला उघडेल.
बाकड्यावर कुरकूर असते.
"न्हावी असून रविवारी बंद, काऊन रे?"
मी म्हणतो, "हाव."
बाबा असते तर
काय पुसून ठेवलं असतं, माहीत नाही.

मैदानाच्या तारेबाहेर
चहाच्या टपरीशी मी उभा.
रजिस्टर उघडलं. नावं सुरू.
"अतकरे सेजल."
"हाजिर, श्रीमान!"
एवढा मोठा आवाज घरी कधी ऐकला नाही.
माझ्या चपलांच्या टाचा जुळलेल्या होत्या,
चहावाला बघत होता.

खिशात हात घातला
तर एक काळी पिन.
अकराच लावल्या मी? बारा मोजल्या होत्या ना?
तारेपलीकडे ओरडून सांगता येत नाही.
सार्जंटनं घड्याळ पाहिलं,
आता दौड.