घाटाखालचं नाव

पहिल्यांदा तो शब्द मला चौथीत मिळाला,
डब्यातल्या नाचणीच्या भाकरीवरून.
घाटी.
कुणी मारलं नाही, ढकललं नाही,
नुसतं नाकातून म्हटलं,
आणि बाकावर माझ्या शेजारी
एका मुलीएवढी जागा झाली.

संध्याकाळी आबा तुर्भ्याच्या बाजारातून आले,
खांद्यावर कांद्याची सालं, मानेवर बटाट्याची माती,
कमरेला आकडा.
विचारलं, आबा, घाटी म्हंजे काय ओ?
त्यांनी आधी पाय धुतले.
आकडा खिळ्याला लावला.
कोण म्हणलं? म्हणाले,
आणि मी नाव सांगायच्या आत,
ऱ्हाऊ दे. बरोबरच म्हणलं.

तुझा पणजा, रावजी शेलार, हातलोटचा घाट उतरायचा,
डोईवर हिरड्याचं पोतं.
अंधारात निघायचा.
येताना मीठ.
दहिवरानं भिजू नये म्हणून
घोंगडी मिठावर, अन् आपण उघडा.
खालची माणसं म्हणायची, घाटी आला, घाटी आला,
अन् मापं घेऊन दारात यायची.
तवा शिवी नव्हती ती.
आल्याची खबर होती.

मी वहीच्या शेवटच्या पानावर शब्द सोडवून पाहिला.
घाट म्हणजे वाट, तीही सरळ न जाणारी.
घाट म्हणजे मडक्याचा आकार,
कुंभाराची बोटं निघून गेल्यावर उरलेला.
घाट घालतात लग्नाचा, घराचा,
जमेल की नाही ठाऊक नसताना.
आणि नदीत उतरायच्या पायऱ्या, त्याही घाटच.
आमच्या गावच्या पायऱ्या धरणाच्या तळाशी आहेत.
लाँचवाला तिथून जाताना
इंजिन बारीक करतो.

शेजारी बामाबाय, बोनकोड्याची, आगरी.
ती आईला अख्ख्या गल्लीत ऐकू जाईल अशी हाक मारायची,
ये घाटने, पानी आयलं गो!
भांडण व्हायचं सुकटीच्या वासावरून,
मिटायचं त्याच सुकटीच्या वाटीवर.
तिच्या तोंडून तो शब्द कधी टोचला नाही.
पाण्याआधी यायचा तो,
म्हणून असेल.

एका रविवारी आबा मला पारसिकच्या डोंगराकडे घेऊन गेले.
लई दिस चढलो नाय, म्हणाले.
खाणीच्या काठावर थांबावं लागलं.
अर्धा डोंगर होता,
अर्ध्याच्या जागी नुसती हवा.
डंपर उतरत होते, वळणावळणानं, पहिल्या गिअरमध्ये,
ओझ्याचा माणूस घाट उतरतो तसे, टाचेवर.
आबांनी कापलेल्या खडकाला पंजा लावला,
पोतं पाठीवर घेण्याआधी अंदाज घेतात तसा.
ह्यो पण उतरला की गं खाली.
खाडीत भरला त्यो ह्योच.
माथाडीच्या घरांच्या पायात ह्योच.
म्हंजे अख्खं कोपरखैरणं घाट्यावर उभं!
आणि हसले,
छातीतली बाजाराची धूळ बाहेर पडेपर्यंत.

घरी येऊन मी बामाबायला तोच विनोद सांगितला.
ती हसली नाही.
आमचा डोंगर व्हता तो, एवढंच म्हणाली
आणि वाल सोलत राहिली.
तेव्हापासून आबांनी तो विनोद
तिच्या दारासमोर केला नाही.

आता बेलापुरात, सातव्या मजल्यावर,
कुणी मला घाटी म्हणत नाही.
म्हणजे समोर नाही.
परवा नव्या मुलानं विचारलं, मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?
घाटी, म्हटलं.
तो कावराबावरा झाला, पाणी प्यायला गेला.
मी हाक मारून त्याला परत बसवलं,
हातलोटपासून सुरुवात केली,
मिठापर्यंत आले
तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

आकडा अजून खिळ्याला आहे.
हल्ली त्याला मी घराच्या चाव्या अडकवते.
मूठ सैल झालीय, टोक बोथट.
घाट तोच.