बघणावळ

जुनं लेथ बघताना आधी रंग बघू नये.
ताजा हिरवा रंग म्हणजे काहीतरी झाकलंय:
बिडाला गेलेली चीर, भरलेली खाच,
किंवा नुसतीच विकायची वेळ आल्याची लाज.

दस्तगीर मिस्त्रींनी रंग दिला नव्हता.
पुसलंही नव्हतं.
उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, पत्र्याखाली,
बाभळीचा, सागाचा, शिसवीचा भुसा
तेलात मुरून खोबणीत बसलेला,
काहिलीच्या बुडाला गूळ लागावा तसा.

मी दोनशे रुपये घेतो बघायचे.
देणारी वैजयंता सुतार, म्हाकव्याची, वय तेवीस.
पिशवीत आयटीआयचा दाखला आणि स्वतःच्या दोन पटाश्या,
जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या.

पट्टा उतरवला. चाक हातानं फिरवलं.
मोटर ओरडत असते तेव्हा बेअरिंगचं खोटं ऐकू येत नाही.
हातानं फिरवलं की येतं,
घासात खडा आल्यासारखं.
खडा होता. बारीक.
म्हटलं, बेअरिंग बदलावं लागेल, आठशे धरा.
मिस्त्री म्हणाले, "सोळाशे धरा. दोन्ही गेल्यात."

टोकाला टोक भिडवलं.
भिडलं, केसाचा फरक नाही.
मग शेपटाखाली पत्र्याचा तुकडा सापडला,
चहाच्या डब्याचा, कात्रीनं कापलेला,
त्यावर छापील बाईचा अर्धा चेहरा, एक डोळा.
नियमानं हा दोष. नियमानं हजार कमी.
काढून बघितला तर टोकं चुकली,
घातला तर जुळली.
चूक कारखान्यातूनच आलेली असणार,
हिशोबाच्या कागदावर मी हजार लिहिले, खोडले.

शेवटी रुळावर पट्टी उभी धरली, पलीकडे बॅटरी.
खालून उजेड आला.
विडीच्या पानाएवढा जाड
आणि दीड वीत लांब, त्याच्या पुढं मागं काही नाही.
दीड वीत म्हणजे लाटणं.
एकोणचाळीस वर्षं शेपूट तिथंच येऊन थांबलेलं.
"खांब, पाय, भोवरं, समदं केलं," मिस्त्री म्हणाले,
"पर पोट लाटण्यावर."

इथं प्रत्येक यंत्राला दोन भाव असतात,
एक चालतं म्हणून, एक वजनावर.
गल्लीच्या तोंडाशी भट्टी आहेच,
भंगारवाला सकाळीच काटा घेऊन येऊन गेलेला.

वैजयंतानं कुणाला न विचारता लाकूड चढवलं.
पटाशी लावली. पहिल्यांदा ती उडाली,
मिस्त्री भिंतीकडं तोंड करून बसलेले,
न वळता म्हणाले, "मूठ खाली घे."
तिनं घेतली.
ढलपी लांब निघाली, न तुटता,
तिच्या मनगटावरून खाली कोपरापर्यंत.

माझा बाप शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला जायचा,
रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा.
मिस्त्रींनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला.
मी बोटं मोजली. परत मोजली.
वजनाच्या भावापेक्षा एक बोट कमी होतं.
मी मिस्त्रींकडं बघितलं. ते चाकाकडं बघत होते.
माझं काम चूक दाखवायचं.
ही मी दाखवली नाही.

टेम्पो भरताना तिनं विचारलं,
"काका, तेवढा खळगा घासून सपाट करून घेऊ?"
"वर्षभर चालव," मी म्हटलं, "मग मला बोलव."
"परत दोनशे?"
"परत दोनशे."

ते पहिलं लाटणं मी मागून घेतलं.
रात्री बायकोनं ओट्यावर सोडून बघितलं,
थोडं गेलं आणि एका कुशीवर थांबलं.
"एका अंगानं जड हाय," ती म्हणाली.
मग पोळपाट पुढं ओढला, पीठ भुरभुरलं,
दोन चपात्या लाटल्या,
आणि तिसरीला म्हणाली, "कितीला दिलं?"