काठी आधी टेकते

उपेर्नाविकला बर्फ यंदा उशिरा धरला, आणि पातळ.
पाविया तरी गेलाच, बारा कुत्री जुंपून,
हॅलिबटच्या गळांकडे.
मी बटाटे सोलते. सोललेलेच पुन्हा सोलते.

पाठ केलेलं स्तोत्र ओठांवर येतं,
पण त्यात मेंढरं आहेत, हिरवं कुरण आहे,
आणि मी उभ्या जन्मात मेंढरू पाहिलेलं नाही.
इथं गवत उगवतं ते थडग्यांवर,
बोटभर, महिनाभर.
लहानपणी विचारलं होतं, कुरण म्हणजे काय?
उपदेशक याकोब जरा थांबून म्हणाले,
जिथं पाय ठेवावा आणि खचू नये, ते.

तेव्हापासून भीती आली की
मी एकाच शब्दापाशी थांबते: काठी.
ती मला ठाऊक आहे.
लोखंडी टोकाची, मुठीपाशी घामानं काळी पडलेली.
पावलाआधी ती टेकते, ठक,
बर्फ काय बोलतो ते ऐकते,
मग पाऊल.
नवरा बुडाला त्या दिवशी
ती दारामागेच राहिली होती.
हे मी देवाला कितीतरी वर्षं सुनावलं.
त्यानं ऐकून घेतलं.

आता मी बर्फ जाड कर म्हणत नाही.
खोटं कशाला, म्हणते कधीकधी.
पण शेवटी एवढंच:
पोराच्या पुढं चाल.
तुझी काठी आधी टेकव.

दुपारचे तीन. बाहेर अंधार, सकाळचाच, तसाच.
कुठंतरी कुत्री भुंकतायत; आमची नसतीलही.
मी पातेल्यात पाणी वाढवते,
दोन माणसांपुरतं.