सहा आठवडे

एकदम दिलं तर यकृतच सगळं गिळून बसतं,
ओस्ने सांगते, टोपण दातांत धरून.
शिरेतून सोडलेले विषाणू
आमचं जनुक पाठीवर घेऊन निघतात,
गाठीपर्यंत पोचतो हजारातला एखादा.
शरीर जुना राखणदार,
पाहुणा कोण, चोर कोण, विचारत नाही.

म्हणून मुक्काम हवा, गाठीच्या अगदी उशाशी.
तो मी बनवते. ट्रॉन्डहाइमच्या या तळघरात,
समुद्रशेवाळाच्या पिठाचा.
रात्रभर भिजवायचं, गुठळी राहू द्यायची नाही,
मग विषाणू मिसळायचे, हलक्या हातानं,
मग कॅल्शियम.
कॅल्शियम पडलं की साखळ्या एकमेकींचे हात धरतात,
पाण्याला अंग येतं.
डोळ्यातल्या बुबुळाइतकं मऊ काहीतरी
सुईतून जाईल इतकं वाहतं, आणि आत गेल्यावर थांबतं.
आणि सोडतं. रोज थोडं. सहा आठवडे.

हाल्वार तिसरा.
(दुसऱ्या बाईंची फाइल अजून माझ्या टेबलावर आहे,
ती उचलून ठेवायला कुणी सांगितलेलं नाही.)
फ्रॉया बेटाचा माणूस, जबड्याखाली अक्रोडाएवढी गाठ,
एकतीस वर्षं बोटीमागे लोखंडी दाते ओढत
खडकांवरचं शेवाळ उपटलेलं.
त्यानं विचारलं, हे कुठल्या खडकावरचं?
पिशवीवर नुसता क्रमांक होता.
मी कारखान्यात फोन लावला, उगाचच.
पश्चिमेकडचा पट्टा, ऑक्टोबर.
तो एवढा हसला की गाठ दुखली त्याची.
म्हणजे मीच काढलंय हे,
आता परत घ्यायचं म्हणता?

सुई गेली तेव्हा बायको, बोर्गिल,
त्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती.
का, कोण जाणे.

दुसऱ्या आठवड्यात ताप. चौथ्यात गाठ फुगली.
सूज की वाढ, स्कॅन वाचणाऱ्यालाही सांगता येईना;
पडद्यावर आमचं जेल आणि त्याचा कर्करोग
दोन्ही सारखेच करडे.
फोनवर माझाच आवाज बारीक झाला.
तोच म्हणाला, अगं,
एकदा उपटलं की पाच वर्षं त्या पट्ट्याकडे
फिरकायचं नसतं आम्ही. कायदाच आहे.
वरून पाणी तेच दिसतं,
खाली काय उगवतंय ते बोटीवरून कळत नाही.
तू चार आठवड्यांत घाबरलीस?

थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
आटतंही तसंच, थेंबाथेंबानं,
फक्त त्या बाजूनं कुणी मोजत बसत नाही.
मी मोजते.
एकतीस मिलिमीटर. तेहतीस. तेहतीस.
आज चोवीस.
ओस्नेनं आकडा दोनदा लिहिला
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं, मोठं.

संध्याकाळी काचेला चिकटलेलं उरलंसुरलं जेल
सायट्रेट टाकून धुते.
क्षणात सुटतात सगळे हात,
नुसतं पाणी होतं.
हे रोजचंच काम.
आज मात्र नळ सोडायला वेळ लावला जरा.